मागच्या दाराची बहीण

मानिक चौक, झाशी
शुक्रवार, १२ एप्रिल १९६८

चि. मार्तंड यास,

इथे आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज ती मोडते. हात चालत नाही.

पाकिटावर ‘रेव्हरंड मार्टिन’ असं लिहिलं आहे, नाहीतर मिशनच्या आवारात मार्तंड कोण हे चपराशालाही कळायचं नाही. आत मात्र मार्तंडच. तुझ्या बारशाला आत्याने कानात नाव सांगितलं तेव्हा पाळण्याची दोरी माझ्या हातात होती. मी आठ वर्षांची होते. नाव लक्षात ठेवायला तेवढं वय पुरतं.

काल मी न सांगता तुझ्या गिरजात आले, एवढी चूक माझी. तुला चकित करावं असं मनात होतं. झाशीला बदली होऊन आलास त्याला तीन वर्षं झाली. दर शनिवारी मागच्या गल्लीतून येतोस, मागच्या दारी पाय धुतोस, माझ्या हातची पोळी-भाजी खातोस आणि तुझ्या देवाबद्दल बोलतोस. मी दशग्रंथी ब्राह्मणाची मुलगी, पण ऐकून ऐकून मलाही तो आवडायला लागला होता. त्यातून ती शेवटच्या जेवणाची गोष्ट. देव पानावरून उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला पंचा बांधतो आणि शिष्यांचे धुळीने भरलेले पाय धुतो. मी म्हटलं होतं, त्यात काय मोठं, आमच्या कृष्णानेही सुदाम्याचे पाय धुतले. तू म्हणालास, “अक्का, सुदामा मित्र होता. इथे बारा जणांत तोही बसला होता, जो त्याच रात्री त्याला विकणार होता. देवाला ते ठाऊक होतं. तरी त्याचेही पाय धुतले.” मी तांदूळ निवडत होते. सूप मांडीवर तसंच राहिलं आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत बसले. असा देव मी ऐकला नव्हता.

म्हणून काल आले. पाक जुमेरातला, तुमच्या त्या पवित्र गुरुवारी, तू स्वतः बारा जणांचे पाय धुतोस, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

एका कानाने हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून पहिल्याच बाकावर बसले. तू मला पाहिलंस आणि नजर फिरवलीस. मला वाटलं, इबादतीच्या वेळी ओळख दाखवत नसतील. शाळेत प्रार्थना चालू असताना मीही कुणाला दाखवत नाही.

मग तू गवाही दिलीस. मसीहाला आपलं म्हटलंस तेव्हा काय काय सोसलंस ते सांगितलंस. “उस दिन मेरे बाप के घर का एक भी दरवाज़ा मेरे लिए नहीं खुला. उस दिन से इस दुनिया में मेरा कोई नहीं.” बायांनी पदर डोळ्यांना लावले. बाहेरगावाहून आलेल्या बिशप साहेबांनी चष्मा काढून पुसला.

मी बसल्या बसल्या विचार करत होते. पुढचं दार वडिलांनी लावलं, हे खरं. पण मागचं? मिशनने तुला शिकायला पाठवलं तोवर दोन महिने, वडील दुपारी आडवे झाले की मागची कडी कोण काढत होतं? ताट कोण आणून देत होतं? ते ग्वाल्हेरच्या लोकांच्या कानावर गेलं आणि माझ्या ठरलेल्या लग्नाचा नारळ त्यांनी परत पाठवला, तो काय वाऱ्याने उडून आला? तरी मी माझी समजूत घातली. म्हटलं, चारचौघांत बोलताना माणूस थोडं वाढवून बोलतो.

नंतर तू झगा उतरवून ठेवलास आणि कमरेला टॉवेल बांधलास. माझ्या अंगावर काटा आला, मार्तंड. खोटं कशाला लिहू? सगळी गवाही मी त्या क्षणी विसरले.

पाय धुतलेलं पाणी आपल्या घरात काय असायचं ते तुला सांगायला नको. गुरू आले, जावई मांडवात बसला, की वडील त्याचे पाय धुवायचे आणि ते पाणी सगळ्यांनी तीर्थ म्हणून घ्यायचं. ज्याचे पाय धुतले त्याच्यात देव. तुझ्याकडे सगळं उलटं आहे, जो धुतो त्याच्यात देव. मग तीर्थ कशाने झालं? त्याचा हात पाण्यात बुडाला म्हणून. इतकाच माझा हिशेब. सर्वांत शेवटी तू दयाल मसीहचे पाय धुतलेस, रेल्वेत जन्मभर झाडू मारलेल्या त्या म्हाताऱ्याचे, आणि परात माझ्या बाकापाशी खाली ठेवलीस. माझा उजवा हात आपोआप पुढे गेला. तळव्यात पाणी घेतलं, प्यायले, ओला हात डोक्यावरून फिरवला.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी लिहिणार. मागून कोणीतरी हसलं. कोणीतरी “अरे, ये क्या!” असं ओरडलं. बिशप साहेबांनी तुला विचारलं, “पादरी साहब, ये कौन हैं?” मी तुझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, आता सांगशील.

“पता नहीं, बिशप साहब. मोहल्ले की कोई होंगी. दिमाग़ ठीक नहीं है बेचारी का.”

तुझ्याच गोष्टीत आणखी एक जण आहे. शेकोटीपाशी लोकांनी विचारलं तेव्हा तो तीनदा म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. तू एकदाच म्हणालास. पण तो नंतर बाहेर जाऊन हमसून हमसून रडला होता. तू चहाला गेलास.

मला दुसरं काही नको. ज्यांच्यासमोर मला वेडी ठरवलंस त्यांच्यासमोर सांग, ही माझी बहीण आहे. तोवर शनिवारी येऊ नकोस.

अंबिका


मानिक चौक
२ मे १९६८

चि. मार्तंड यास,

तुझं चार पानी पत्र दयाल मसीहने आणून दिलं. सोबत पिशवीत बरुआसागरचं आलं आणि अरवीचे कंद. आलं चांगलं आहे. पत्राबद्दल तसं म्हणवत नाही.

चार पानांत तुझा देव पूर्ण देव कसा आणि पूर्ण माणूस कसा, हे छान समजावलं आहेस. तो परातीपाशी वाकला तेव्हाही आकाशातले तारे त्याच्याच हुकमात होते. देवपण घरी ठेवून आला नव्हता, फक्त मिरवलं नाही. आणि ते सोंगही नव्हतं. राजा वेष पालटून गावात हिंडतो, मग महालात जाऊन हसतो, तसलं काही नव्हे. तो खरोखर खाली बसला, आणि तिथे बसला म्हणून तसूभरही कमी देव झाला नाही. फळ्यावर लिहून मुलींना समजवावं इतकं स्वच्छ लिहिलं आहेस. मला पटलं.

आता मला एवढंच सांग. जमिनीवर बसून त्याचं देवपण कमी झालं नाही, तर मला अक्का म्हटल्याने तुझं पादरीपण कितीसं झिजणार होतं?

तिसऱ्या पानावर म्हणतोस, पाणी हे फक्त पाणी, ते पिणं ही जुन्या घरातली खोड, बिशप साहेबांचा गैरसमज झाला असता. बरं, चुकले मी. मग ‘माझ्या बहिणीला आमची रीत ठाऊक नाही’ असं म्हणायचं होतंस. चूक माझी राहिली असती आणि बहीण तुझी. चार पानांत ‘चुकलो’ हा शब्द मी दोनदा शोधला. चष्मा बदलून शोधला.

आणखी एक गोष्ट आता ध्यानात येते आहे. तू मागच्या गल्लीतून यायचास. मला वाटायचं, शेजाऱ्यांनी मला बोल लावू नयेत म्हणून जपतोस. किती कौतुक होतं मला त्याचं! शाळेतल्या प्रमोदिनीला सांगितलंही होतं, की भाऊ असावा तर असा. पण जपत होतास ते स्वतःला. ज्याचं जगात कोणी नाही असा पादरी पुढच्या दाराने बहिणीकडे जेवायला कसा जाणार?

दयाल उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. पिशवी खाली ठेवून म्हणाला, “बहनजी, हमाए पाँवन कौ पानी आपने पी लओ. हमें बड़ौ पाप लगो. तबसें जी खों चैन नइयाँ.” मी म्हटलं, “पाप कैसा, भैया? तुम्हारे पाँव के लिए थोड़े ही पिया था.” बोलले आणि जीभ चावली. त्याचा चेहरा एवढासा झाला. तिथे त्याचेही पाय होते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी सगळा वेळ तुझे हात बघत होते.

त्याला आत बसवलं, चहा केला. हात आधी कुठल्या कपाकडे गेला ते लिहीत नाही. दिला तो तुझ्या कपात दिला. जाताना म्हणाला, “पादरी साब ने तौ कई ती कै आप पागल हो. हमें तौ नईं लगत.” तू माझा कोण, हे मी त्याला सांगितलं नाही. ते सांगायचं काम तुझं आहे.

अंबिका


मानिक चौक
रविवार, २३ जून १९६८

चि. मार्तंड यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल एवढ्या उन्हात, लूचे गरम वारे चालू असताना, डोक्याला टॉवेल गुंडाळून आलास. मागच्या पायरीवर बसून लहानपणी रडायचास तसा रडलास. मी फार बोलले असेन. वर्गात चाळीस मुली सांभाळून जीभ अशीच झाली आहे.

आलास मागच्याच दाराने, ते मी काल बोलले नाही आणि आजही बोलत नाही. पुढच्या गवाहीत माझी बहीण येईल, असं माझ्या पायाला हात लावून म्हणालास. मला तेवढं पुरे. पन्हं पाठवते आहे. गूळ घालून केलं आहे, तुला साखरेचं आवडत नाही.

तुझी
अक्का


मानिक चौक
सोमवार, १८ नोव्हेंबर १९६८

मार्तंड,

तू वचन पाळलंस. गवाहीत बहीण आली.

मऊरानीपुरच्या तुमच्या मेळाव्याला मी शनिवारी बसने गेले होते. तुला कळवलं नाही. मला वाटलं, तू सांगशील आणि मी मागून ऐकेन, मग गर्दी ओसरली की पुढे येईन. नवीन लुगडं नेसले होते. हेही लिहिते, म्हणजे माझा मूर्खपणा पुरता कळेल.

मांडवाच्या खांबाआड बायकांत बसले. तू बोलायला उभा राहिलास. आवाज तुझा चांगलाच आहे, आजोबा कीर्तनाला उभे राहिले की असाच लागायचा. वडिलांनी दार लावल्याचं सांगितलंस आणि मग थांबलास. मी जीव कानात आणून बसले.

“और मेरी एक सगी बहन थी, जिसने मुझे पालने में झुलाया था. मैंने सोचा, वह तो खोलेगी. उसने भी मुँह फेर लिया. मैं आज तक उसके लिए दुआ करता हूँ.”

माझ्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर तान्हं मूल. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला म्हणाली, “कैसी पत्थर की औरत हुइए!” मी म्हटलं, “हाँ बहन, होगी.” दुसरं काय म्हणणार?

आधी तू मला गवाहीतून वगळलं होतंस. ते एक वेळ समजून घेता येतं. माणूस विसरतो, घाबरतो. पण हे तू बसून रचलंस. पाळण्याची दोरी खरी घेतलीस, म्हणजे पुढचं खोटं खरं वाटावं. तुझ्या देवाला ज्याने विकलं त्याला निदान चांदी मिळाली. तुला काय मिळालं? चार रुमाल ओले झाले.

रात्रभर जागून वगैरे काही नाही केलं. घरी आले, लुगडं घडी करून ठेवलं आणि जेवले. पण एक सांगते. तुझा देव मोठा होता आणि लहान होऊन बसला. तू आपलं लहानपण दाखवून दाखवून मोठा होतो आहेस. बिशप साहेबांना हे कळत नसेल. मला कळतं, कारण तो देव मला तूच शिकवलास, आणि शिकवलेलं मी विसरत नाही. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्यासमोर आता कधी बसले तर तुझ्यामार्फत बसणार नाही.

शनिवारी येऊ नकोस. कडी लावलेली असेल.

अंबिका


मानिक चौक
शुक्रवार, ४ एप्रिल १९६९

मार्तंड,

दयाल निरोप घेऊन आला होता. “ई साल बारा में एक जनी सोई बैठहै, पादरी साब ने आपखों बुलाओ है.” बारा जणांत यंदा एक बाईही बसणार, आणि बोलावलं मला. मी त्याला दोनदा विचारलं, मलाच ना? म्हणाला, नाव घेऊन सांगितलं. मी विचार केला, चार महिन्यांत बोचणी लागली असेल त्याला. जिथे नाकारलं तिथेच, त्याच दिवशी, त्याच परातीपाशी सांगायचं असेल. बरोबरच आहे, ती जागा तीच हवी. काल टाचा घासल्या नाहीत. म्हटलं, भेगा आहेत त्या असू देत, भावाला कसली लाज.

खुर्चीवर बसले. दयाल शेजारच्या खुर्चीत होता, मला बघून सरकून बसला. तेवढ्यात तुमच्या मंडळीतल्या एका चष्मेवाल्या माणसाने माइकवर वाचून दाखवलं, “इस साल हमारे बीच एक बेसहारा हिंदू महिला भी हैं, जिनके पाँव पादरी साहब धोएँगे.” बेसहारा! माझी पक्की नोकरी आहे, डोक्यावर छप्पर आहे, आणि या घरात एक भाऊ जेवून मोठा झाला आहे. तेव्हाच उठायला हवं होतं. पण तू परात घेऊन येत होतास, आणि मला अजून वाटत होतं, की वाचणाऱ्याला ठाऊक नसेल, तू आता दुरुस्त करशील.

तू खाली बसलास. केस विरळ झालेत तुझे, वरून दिसलं. पाण्यात हात घातलास आणि मान खाली ठेवूनच हळू म्हणालास, “अक्का, पाय दे. मला क्षमा कर.”

माझा जीव तुटला, मार्तंड. वर्षभर ज्या शब्दासाठी झुरले तो तुझ्या तोंडून आला होता. पाय पुढे झालेच होते. मग ध्यानात आलं, की तू मराठीत बोललास. त्या भरल्या गिरजात ती भाषा कळणारी दोनच माणसं होती, एक तू आणि एक मी. मागच्या गल्लीतून यायचास तसाच आलास.

मी म्हटलं, “हिंदीत म्हण.”

तू वर बघितलंस. मग माझ्यावरून तुझी नजर बाकांकडे गेली, तिथून पुन्हा परातीकडे. तुझी बोटं पाण्यातच होती. मी थांबले. वर्षभर थांबले होते, आणखी थोडं थांबायला काही हरकत नव्हती. मी पुन्हा म्हटलं, “एकदाच म्हण.”

तू लोकांकडे वळलास आणि हिंदीत बोललास. “इन्हें संकोच हो रहा है.”

आणि परात उचलून दयालपुढे गेलास. मी पाय लुगड्याखाली घेतले. दयाल तुझ्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. त्याला बहुतेक सगळं कळलं. त्याचे पाय धुऊन झाल्यावर तो मला सोडायला चौकापर्यंत आला.

हे सगळं मला पोस्टकार्डावर हिंदीत लिहिता आलं असतं. तुमच्या चपराशापासून बिशप साहेबांपर्यंत सगळ्यांनी वाचलं असतं. नाही लिहिलं. मी कोण आहे ते मला माहीत आहे. ते मी ओरडून सांगण्यात अर्थ नाही, तू सांगण्यात आहे.

आज सकाळी सुताराला बोलावलं आणि मागच्या दाराला आतून आडवी फळी ठोकून घेतली. तो विचारत होता, चांगलं दार कशाला बंद करता? म्हटलं, वारा येतो. वीस वर्षं तू लोकांना सांगत आलास की दार बंद होतं. आता एक तरी खरोखर बंद आहे.

पुढचं दार चौकाकडे उघडतं. सकाळी दुकानं लागली की समोर कापडवाले, शेजारी भांडीवाले, सगळे आपापल्या जागी असतात. सगळ्यांना हिंदी कळते. विकणाऱ्याचेही पाय धुवायचे असतात असं तूच मला शिकवलंस. मला ते अजून जमत नाही. पण पाणी ठेवणं जमतं. उंबऱ्याशी बादली भरून ठेवली आहे, वर तांब्या पालथा घातला आहे.

यायचं असेल तर तिथून ये. आणि आत येण्याआधी चौकात उभा राहून मला हाक मार.

अक्का